एका रिंगचं अंतर

चार वाजून चाळीस मिनिटांनी फोन एकदा वाजला आणि थांबला. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. उठले नाही, कारण त्या रिंगसाठी उठायचं नसतंच. दिगू मलकापूरला पोहोचला, एवढाच तिचा अर्थ. सावकाश हात पुसून मी कॅलेंडरपाशी गेले, त्या दिवसाच्या चौकटीत ‘दि. पोहोचला’ असं लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली. शाईच्या पेनानं. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. दुपारी जेवून, थोडी पाठ टेकून तो चारला पाच मिनिटं कमी असताना निघाला होता. बुलढाण्याहून मलकापूर म्हणजे राजूर घाट, मोताळा, वाटेत एखादा ट्रक आडवा आला तर सव्वा तास सहज जातो. आज पाऊण तासात कसा पोहोचला? हा प्रश्न मला पडला होता, हे मला स्वच्छ आठवतं. त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं… रस्ता मोकळा असेल. आणि मेथीकडे परत गेले.

साडेसहाला पुन्हा फोन आला. तो वाजत राहिला, म्हणून उचलला. आवाज अनोळखी होता. “बाई, तुमी दिगंबर साहेबाच्या बहीण का? मोताळ्याच्या दवाखान्यातून बोलून राह्यलो. तुमी कोणाले तरी घेऊन या.” मी म्हणाले, “अहो, तो तर मलकापूरला पोहोचलाय.”

ईशान, मृणाल, तुमच्या मामाआजोबांना जाऊन आज सात आठवडे होत आले. ते गेल्याचं कळल्यावर तुम्ही दोघांनी फोनवर मला विचारलं होतं, ‘आजी, मामाआजोबा नेमकं काय काम करायचे?’ तुमचे बाबा पलीकडून ‘टेलिकॉममध्ये होते’ एवढंच म्हणाले. तेव्हा माझ्याच्यानं काही सांगवलं नाही. हे पेपरच्या पुरवणीत छापून येईल, चार लोक वाचतील, पण लिहिते आहे ते तुमच्यासाठी. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे ठाऊक आहे. घाई करू नका. घाई न करणं हेच तर त्याचं काम होतं.

दिगू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमचे वडील मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. आई लवकर गेली, त्यामुळे त्याची बहीण कमी आणि आई जास्त अशीच मी वाढले. लग्नानंतर मी बुलढाण्याला आले, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले आणि दहावीनंतर त्याला माझ्याकडेच घेऊन आले. त्यानं प्रमाण मराठी कधी बोलायचं मनावर घेतलं नाही. पुढे बंगळूरला मोठमोठ्या सभांमध्ये उत्तम इंग्रजी बोलायचा, पण माझ्या दारात पाऊल टाकलं की, “ताई, च्या ठेव वो, लय दमलो.” मी चुका काढल्या की म्हणायचा, “तुही मराठी पेपरात छापाले ठेव. मले घरात बोलू दे.”

त्या वेळी माझ्याकडे परीक्षेचे गठ्ठे यायचे. माझी तपासण्याची एक पद्धत होती आणि शाळेत तिची थट्टाही होई. एखाद्या मुलीचं अक्षर लागत नसेल, शाई पसरली असेल, तर मी तिथे लाल पेन लावत नसे. पेन्सिलीनं गोल करायचा आणि शेजारी ठिपके द्यायचे. तीन ठिपके म्हणजे हे बहुधा बरोबर आहे. दोन म्हणजे असावं. एक म्हणजे काही सांगता येत नाही, पुन्हा येऊन बघायचं. सगळा पेपर वाचून होईपर्यंत त्या मुलीच्या हाताची ओळख होते. तिचा ए कसा वळतो, तिचा ओ कुठे उघडा राहतो, ते कळतं. मग मागे जाऊन पाहिलं की मघाचा डाग आपोआप वाचता येतो. एकाचे दोन ठिपके होतात, दोनाचे तीन, आणि त्यानंतर शाई. दिगू शेजारी पालथा पडून हे बघत असे. त्याला फार कंटाळा यायचा. “एकदाच ठरवून टाक नं ताई. चूक तं चूक, बरोबर तं बरोबर.” मी म्हणायचे, लवकर ठरवलेलं पुसता येत नाही.

पुष्कळ वर्षांनी बंगळूरहून त्याचं पत्र आलं. कुठल्याशा प्रयोगशाळेत त्याला मोबाइलच्या संदेशवाचनाचं काम मिळालं होतं. पत्रात एकच वाक्य मोठ्या अक्षरात होतं : ताई, तुझी पेन्सिल आमच्याकडे आली आहे. पुढच्या सुट्टीत त्यानं ते समजावून सांगितलं. हवेतून येणारी लहर वाटेत मळते, झिजते, भिंतींवर आपटते. जुनी यंत्रं आलेलं प्रत्येक चिन्ह जागच्या जागी ठरवून टाकायची, हे शून्य, हा एक, पुढे चला. एकदा ठरलं की त्याबद्दलची शंका फेकून दिली जाई, आणि शंकेबरोबर बरीच माहितीही जाई. नवीन पद्धतीत यंत्र ठरवत नाही. ते म्हणतं, हा एक असावा, पण खात्री थोडी आहे. ती थोडी खात्री ते सोबत घेऊन फिरतं, आसपासच्या चिन्हांना विचारतं, पुन्हा माघारी येतं. फेरी मारावी तशी खात्री वाढत जाते आणि अगदी शेवटी शाई लागते. फुटका आलेला संदेशही ते टाकत नाही. तो बाजूला ठेवून पुन्हा मागवतं, आणि दोन फुटके एकावर एक ठेवून वाचतं. मी ऐकत होते. मला त्यातलं गणित येत नव्हतं, पण आपल्या जेवणाच्या टेबलावरची गोष्ट इतक्या लांब गेली याचं नवल वाटत होतं.

दुसरी गोष्ट मुंगवड्यांची. एप्रिलच्या उन्हात आम्ही दोघं गच्चीवर जुन्या साडीवर मुंगवड्या घालत होतो. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला, कंपनीत वरच्या जागेवर, आणि हात मुगाच्या पिठानं भरलेले. मी साडीची जागा वाया जाऊ नये म्हणून अगदी जवळजवळ घालत होते. तो म्हणाला, “ताई, वारा पाह्य.” वाऱ्यानं साडी हलली की जवळच्या वड्या एकमेकींना चिकटत होत्या. मग त्यानं आपल्या बाजूला चार ओळींत चार-चार अशा लांबलांब सोळा वड्या घातल्या आणि म्हणाला, आमचं कामही हेच. लहर किती उंच आणि किती पुढे सरकलेली, यावरून एक जागा ठरते. त्या जागेलाच अर्थ असतो. टॉवर जवळ असला, हवा शांत असली, की वड्या दाट घालायच्या, एका साडीत कितीतरी मावतात. घाटात गेलं, टॉवर डोंगराआड गेला, की वारा सुटला समजायचं. मग थोड्याच घालायच्या, लांब लांब. माल कमी जातो, पण कोणती वडी कोणती ते ओळखू येतं. फोन हे क्षणाक्षणाला बदलत असतो, आपल्याला पत्ता नसतो. “आणि वाऱ्यात दाट घातल्या तर?” मी विचारलं. “तं मंग चिकटते. आन् वाचणाऱ्याले वाटते, एकच होती.”

निवृत्तीनंतर तो मलकापूरला वडिलांच्या घरी राहायला आला. लग्न केलं नव्हतं. लोकांना वाटलं आता आराम करील, पण त्यानं जुन्या जीपच्या छतावर दोन अँटेना बसवल्या आणि बुलढाणा-मलकापूर रस्त्यावर फेऱ्या सुरू केल्या. त्याच्या जुन्या कंपनीतली तरुण मुलं अशक्त सिग्नल वाचणारा नवा डिकोडर बनवत होती. त्यांना खरा, वाईट, मळलेला सिग्नल हवा होता, आणि दिगूच्या मते आपल्या घाटाइतका वाईट सिग्नल सरळ मनानं दुसरं कोणी देणार नाही. आठवड्यातून दोनदा तो यायचा. वाटेत जिथे रेंज तुटायची तिथे गाडी उभी करून लॅपटॉपकडे बघत तासन्‌तास बसायचा. रस्त्यावरचे सगळे त्याला ओळखू लागले होते. सुरुवातीला लोक थांबून विचारायचे, साहेब गाडी बंद पडली का? पुढे कोणी थांबेना. मोजून राह्यले, म्हणायचे आणि जायचे. त्याला विचारलं की हे सगळं कशासाठी, तर उत्तर ठरलेलं असे. या रस्त्यावर ज्याला बोलायचंय त्याचं बोलणं पोहोचलं पाहिजे. बस.

आता त्या एका रिंगबद्दल. तो कॉलेजला अमरावतीला गेला तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या बँकेतल्या काकांकडे होता. त्यांना दर वेळी उठवायला नको म्हणून मी नियम घातला. पोहोचलास की एक रिंग देऊन ठेवून द्यायचा. बोलायचं असेल तर वाजत ठेवायचा. एक रिंग आली की भिंतीपलीकडून काकू सांगायच्या, “पोहोचला हो तुमचा दिगू.” पुढे आमच्याकडे फोन आला, मग मोबाइल आले, बोलणं कितीही करता येऊ लागलं, तरी आमची ती एक रिंग चालूच राहिली. बंगळूरला उतरला की एक रिंग. मलकापूरला कुलूप उघडलं की एक रिंग. मी कॅलेंडरवर खूण करायची. चाळीसएक वर्षांत कधी चूक झाली नाही.

गेल्या दिवाळीत मात्र त्यानं हा विषय काढला होता. फराळाचं ताट मांडीवर घेऊन म्हणाला, “ताई, तुहा कोड लय वाईट आहे.” मी हसले. तो हसला नाही. पोहोचलो आणि मला बोलायचंय, या दोन्हींची सुरुवात सारखीच होते, म्हणाला. दोन्हींत एका रिंगचं अंतर आहे. मधेच रेंज गेली तर एकाचा अर्थ दुसरा होतो, आणि तो बदलला हे तुला कळणारही नाही. चांगल्या कोडमध्ये दोन निरोप एकमेकांपासून लांब ठेवतात, म्हणजे थोडं पुसलं तरी गल्लत होत नाही. पोहोचलो की आपण दोनदा करू, मधे मिनिटभर थांबून. मी म्हणाले, आता या वयात नवीन काही नको, चाललंय ते बरं चाललंय. माझ्या नीटनेटकेपणाचा मला अभिमान होता. त्यात त्यानं हात घातलेला मला आवडला नाही. त्यानं मान हलवली आणि चकली उचलली… “तू हेडबाई,” एवढंच म्हणाला.

शेवटच्या दिवशी वेगळं असं काहीच झालं नाही. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ताक. दोनदा डावा खांदा चोळला, तेव्हा मी विचारलं. म्हणाला, अँटेना चढवताना ओढला गेला. मी ते मानलं. दारातून जाताना चष्मा विसरला, परत आला, आणि परत आल्यावर निघणाऱ्यानं दोन मिनिटं बसावं अशी आमच्याकडे पद्धत, म्हणून खुर्चीच्या काठावर टेकला. मग गेला.

दहाव्या दिवशी रोहिणखेडचे रहीमभाई आले. त्यांनीच दिगूला मोताळ्याला नेलं होतं, आणि तो फोनही त्यांचाच होता. भाजीचा टेम्पो चालवतात. अंगणातच उभे राहिले, आत येईनात. येताना भेंडी आणली होती, ती पिशवी हातातच धरून बोलले. “बाई, जातानी पाह्यली होती मी गाडी. घाट उतरल्यावर, फाट्याच्या अलीकडं. साडेचार, पावणेपाच झाले असतीन. काच खाली, साहेबाची मान अशी झुकेल. मले वाटलं मोजून राह्यले. माल उतरवून परत आलो तं गाडी तिथंच. तवा थांबलो.” मग पिशवी खाली ठेवली. “मी जातानीच थांबलो असतो तं?”

मी त्यांना हात धरून आत आणलं आणि कॅलेंडर दाखवलं. घरात तोवर कोणालाच दाखवलं नव्हतं. रिंग किती वाजता आली, मी काय लिहिलं, घड्याळ बघूनही कशी मेथी निवडत राहिले, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ती चौकट जवळून पाहिली. “तुमी लिहून ठेवलं,” हळूच म्हणाले. “मी बी मनात तेच लिहून ठेवलं होतं.” नंतर आम्ही दोघांनी चहा घेतला. कोणीच कोणाची समजूत घातली नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. ती रिंग कोणी तोडली? दिगूनं की घाटानं? घाटानं तोडली असेल तर तो मला बोलावत होता आणि मी मेथी निवडत बसले होते. त्यानं स्वतः तोडली असेल तर… तर छाती दाबत बसलेल्या माझ्या भावानं ताई काळजी करील म्हणून पोहोचल्याचा खोटा निरोप दिला. मला यातलं कोणतं सोसेल हेही ठरवता येत नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, या प्रश्नाला उत्तर नसतं. फोनवर नुसतीच नोंद होती की या वेळेला या नंबरला लावला. दुपारी कधीही फोन वाजला की मी धावत जाई. एका रिंगनंतर थांबला तर मी तो नंबर पुन्हा पुन्हा लावायचे. बँकेवाले, विमावाले, चुकून लागलेले, सगळ्यांना विचारायचे, तुम्ही ठीक आहात ना?

पाचव्या आठवड्यात मीनाक्षी आली. चिखलीची मुलगी, दिगूच्या हाताखाली तयार झालेली. त्याची यंत्रं न्यायला आली होती. जीपमधल्या सिग्नल टिपणाऱ्या डब्यावर अजून त्याच्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘हात लावू नये’. तिनं ती न फाडता सोडवून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. मी तिला विचारलं, ती रिंग कोणी तोडली ते कळेल का? ती म्हणाली, लॅपटॉपवरची नोंद त्या दिवशी आधीच थांबली होती, पण छतावरच्या अँटेनानं टिपलेली कच्ची लहर डब्यात असेल. सरांचा फोन लहर पाठवत होता, तेव्हा त्याचं बोलणंही तिच्यात असेल, फार मळलेलं. फोन त्यांनी ठेवला असेल तर तो टॉवरला तसा निरोप देतो. रेंज गेली असेल तर निरोप नसतो. “वाचता आलं तर सांगते, मावशी. सरांच्याच डिकोडरनं वाचीन.”

पंधरा दिवसांनी, परवा तिचा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला. तिनं उगाच लांबण लावली नाही.

“मावशी, वाचलं. निरोप दिसतो. म्हणजे फोन सरांनीच ठेवला, असं डिकोडर म्हणतो.”

मी कॅलेंडरकडे पाहिलं.

“पण खात्री कमी दाखवतो. आम्ही खूप फेऱ्या दिल्या. वाढत नाही.”

“किती कमी गं?”

दिगूनं तिला माझ्या पेपरांची गोष्ट सांगितली असणार, कारण ती म्हणाली, “एक ठिपका, मावशी. त्याच्या वर जात नाही.”

मी तिला विचारलं, सर असते तर त्यांनी काय ठरवलं असतं? ती म्हणाली, सरांनी ठरवलं नसतं. सरांनी आम्हाला तेच शिकवलं, की जेवढी खात्री आहे तेवढीच पुढे द्यायची. आणि मग तिचा आवाज फुटला. त्यात रेंजचा दोष नव्हता.

मुलांनो, म्हणून माझ्याकडे तुम्हाला द्यायला पक्कं असं काही नाही. ज्या बाईनं आयुष्यभर मुलींच्या डागांना पेन्सिल लावली, तिनं आपल्या भावाच्या निरोपाला पहिल्या क्षणी शाई लावली. एवढं मात्र खरं आहे. तुम्ही पोहोचलात की मला एक रिंग देऊ नका. वाजू द्या. मी उचलेपर्यंत वाजू द्या आणि तोंडानं बोला, दोन शब्द का असेनात.

कॅलेंडरचं ते पान मी अजून उलटलेलं नाही. महिना बदलला, पुढचाही संपत आला. दूधवाला, गॅसवाला यांच्या नोंदी मी आता वहीत करते. त्या चौकटीत ‘दि. पोहोचला’ आणि शाईची खूण तशीच आहे. खोडली नाही. जे चुकीचं आहे की नाही तेच ठाऊक नाही, ते खोडणार कसं? परवा मीनाक्षीचा फोन ठेवल्यावर मी जुन्या कंपासपेटीतली पेन्सिल शोधली, टोक काढलं आणि त्या खुणेच्या शेजारी एक ठिपका दिला.

एक ठिपका म्हणजे पुन्हा येऊन बघायचं. चार चाळीस झाले की मी हातातलं काम ठेवून तिथे जाते, आणि बघते.